मालेच्या गोठ्यातलं इंजिन

लसीची बाटली एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. उरलेली परत फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही. किश्शांचंही तसंच असतं. मी गुरांची डॉक्टर. पौडपासून पश्चिमेला दिवसभर स्कूटरवर फिरते, आणि गोठा कुठलाही असो, निघताना एखादा किस्सा पदरात पडतोच. पण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त किस्से साठले ते एकाच गोठ्यातले, आणि त्यात जनावरांचा संबंध तसा थोडाच. त्या गोठ्यात वाफेचं इंजिन आहे. परवा एका लग्नात जेवताना त्यातला एक सांगितला, तर हात वाळले तरी पंगत उठेना. आता बाटली फोडलीच आहे, तर संपवूनच टाकते.

* * *

शंकरराव मालेचे; मुळशीच्या धो धो पावसातलं गाव. थोडी भातखाचरं, तीन म्हशी, आणि उभी हयात पिरंगुटच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून काढलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी म्हशींकडे लक्ष दिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की बॉयलर बरा, निदान सांगितलेलं ऐकतो.

त्यांची गंगी म्हैस पान्हा चोरायची. धारेला बसलं की दूध वर ओढून घ्यायची आणि निवांत रवंथ करत राहायची. तेवढ्यासाठी मला बोलावलं होतं. मी गोठ्यात वाकून शिरले, गंगीला हात लावला, मागे सरकले आणि डोकं दाणकन लोखंडावर आपटलं. वर बघते तर पेंढ्याच्या गंजीतून एक धुराडं बाहेर आलेलं.

"हे काय आहे?"

"इंजिन हाय."

"कसलं? पाण्याचं?"

"न्हाई, रेल्वेचं."

मी डोकं चोळत म्हटलं, "मालेत रेल्वे कुठे आहे?"

"न्हाईच की," शंकरराव म्हणाले. "म्हनून तर हितं हाय. रेल्वे असती तर गेलं नसतं का?"

इंजिन आलं कसं, तर शंकररावांच्या वडिलांचा ट्रक होता. लांबच्या एका दगडखाणीतून हे छोट्या रुळांवरचं इंजिन भंगारात चाललं होतं. वाटेत मालेजवळ ट्रक चिखलात रुतला. ट्रक निघावा म्हणून इंजिन खाली उतरवलं. ट्रक निघाला. इंजिनाचा मालक उद्या येतो म्हणाला होता. तो उद्या काही आला नाही. वडिलांनी वाट बघितली, मग इंजिनावर पत्रे टाकले, मग पत्र्याखाली म्हशी बांधल्या. पुढे कितीतरी भंगारवाले येऊन गेले, पण वडील म्हणायचे, "दुसऱ्याची वस्तू हाय, त्यो आला तर काय सांगू?"

* * *

मी त्या धुराड्याचा फोटो काढला आणि भूगावच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, 'आज ह्यानं मला मारलं.' पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे इनामदार साहेब जिना चढून वर आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, लिफ्टची वाटही बघितली नव्हती. दारातच म्हणाले, "हे कुठे आहे?"

इनामदार साहेब रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी एका फाटक्या नकाशात एक बुटकं टँक इंजिन पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. टँक इंजिन म्हणजे ज्याच्या मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नसतो. पाण्याच्या टाक्या त्याच्याच दोन्ही अंगांना, कोळसा पाठीशी. पुढे जितकं सहज जातं तितकंच मागे, त्यामुळे जिथे वळवायला जागा नाही तिथे हेच चालायचं. ही जात अगदी जुनी, वाफेच्या सुरुवातीच्या काळातली. विलायतेत तयार झाली, तिथे जुनी झाल्यावर बोटीतून इकडे आली, आणि मग कुणी बंदरावर, कुणी साखर कारखान्यात, कुणी वीटभट्टीवर अशी पांगली. साहेबांनी जन्मभर तिचा इतिहास गोळा केला, पण त्या जातीचं एक इंजिन कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. त्यांची खात्री होती की आता एकही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मालेला घेऊन गेले. साहेब पेंढा बाजूला करत इंजिनाभोवती फिरले. मग बाजूच्या टाकीवर बोटानं टकटक केली. भरल्यासारखा आवाज आला.

"आत काय आहे?"

शंकरराव म्हणाले, "इंद्रायणी."

साहेब चकित. "इंद्रायणीचं पाणी? इथे कसं आलं?"

"पाणी न्हाई साहेब. तांदूळ. उंदीर लागत न्हाईत टाकीत."

झाकण उघडलं, तर खरंच काठोकाठ तांदूळ. साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांना टाकीचं माप हवं होतं, गॅलनमध्ये. शंकररावांना गॅलन माहीत नव्हता. ते म्हणाले, "डावीकडं चार पोती बसत्यात, उजवीकडं साडेतीन."

"सारखी नाहीत?"

"न्हाईत. दरसाल भरतोय."

साहेब तिथेच पेंढ्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. पण ते हसत होते. त्यांनी मग सांगितलं की ह्या जातीची जी पहिली तुकडी बनली, तिच्यात उजव्या टाकीच्या पोटातून दांडा जायला एक पोकळी ठेवली होती. ड्रायव्हर त्या दांड्यानं गाडी पुढे न्यायची की मागे, हे ठरवायचा. पुढच्या तुकड्यांत दांडा बाहेर काढला आणि दोन्ही टाक्या सारख्या झाल्या. बाहेरून बघून हा फरक कळत नाही.

"म्हणजे ही पहिल्या तुकडीतली," साहेब म्हणाले. "पहिल्या."

शंकररावांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, दारातून विचारलं, "मग आता तांदूळ काढायचा का ठेवायचा?"

* * *

तांदूळ निघाला. शंकररावांनी म्हशी शेजारच्या पत्र्याखाली नेल्या आणि रविवारी रविवारी काम सुरू झालं. साहेब, शंकरराव, मी, आणि माणमधून येणारी श्वेता. तिच्याबद्दल पुढे सांगते. बॉयलरच्या आतल्या सगळ्या नळ्या काढायच्या होत्या. साहेबांनी महिनाभर मागे लागून एका बॉयलरवाल्या कंत्राटदाराची तारीख मिळवली. तो माणसं आणि हत्यारं घेऊन आला, फायरबॉक्सचं, म्हणजे आग पेटवायच्या पेटीचं, दार उघडलं, आणि आतून गुरगुर ऐकू आली.

वाडीतली एक कुत्री आत व्यायली होती. चार पिल्लं, डोळेही न उघडलेली.

कंत्राटदार म्हणाला, "उचलून बाहेर ठेवू."

काकू दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाळंतिणीला हात लावायचा न्हाई."

कंत्राटदारानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी शंकररावांकडे बघितलं. शंकरराव म्हणाले, "माज्याकडं काय बघताय? मी हितं राहतो."

कंत्राटदार परत गेला. पिल्लं हिंडती-फिरती होईपर्यंत काम बंद. साहेब तरीही येत, फायरबॉक्ससमोर पाटावर बसत आणि ज्याच्या हातात काम नाही त्याला इंजिनाच्या भावंडांचा इतिहास सांगत. हे बंदरावर गेलं, ते उसाला, ते खाणीत. काकूंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "मग ती समदी आता कुटं हायेत?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले. "कुणी लक्षच ठेवलं नाही."

पिल्लं द्यायची वेळ आली. एक नेऱ्याला गेलं, एक श्वेताच्या घरमालकानं नेलं, एक पौडच्या चहावाल्याकडे, एक काकूंनी ठेवलं. साहेबांनी चौघांचेही फोन नंबर घेतले. आजही महिन्यातून एकदा ते सगळ्यांना फोन करतात आणि कुत्रं कसं आहे ते विचारतात. चहावाला मला म्हणाला, "म्याडम, त्या साहेबांना सांगा, कुत्रं हितंच हाय. कुटं जानार हाय?"

* * *

श्वेता हिंजवडीत आयटी कंपनीत. माणला भाड्याच्या खोलीत राहते. माझा तो धुराड्याचा फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला आणि ती आपणहून आली. साहेबांच्या फाटक्या नकाशांवरून तिनं कॉम्प्युटरवर इंजिनाचा एक एक भाग पुन्हा काढला. बॉयलरच्या कामासाठी तिला अधूनमधून हाफ डे लागायचा. ती मॅनेजरला खरं ते सांगायची: "सर, बॉयलरचं काम आहे. आज नळ्या बसतायत." कधी, "सर, बॉयलर अजून लीक आहे." कधी नुसतंच, "बॉयलर."

मॅनेजर मोठ्या मनाचा. म्हणायचा, "अगं जा, जा. थंडीचे दिवस आहेत."

तिला वाटायचं, थंडीचा काय संबंध?

तिच्या वाढदिवसाला सगळ्या टीमनं तिला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. केक कापला. मग दोघांनी एक मोठं खोकं आत आणलं. मॅनेजर म्हणाला, "श्वेता, किती दिवस तू त्या जुन्याच्या मागे लागणार? आम्ही ठरवलं, तुला नवीनच द्यायचा."

खोक्यात गीझर होता.

ती सांगते, "मी काहीच बोलू शकले नाही, तर त्यांना वाटलं मी इमोशनल झाले." तो गीझर आता काकूंच्या न्हाणीघरात आहे. पाणी लई झकास तापतं म्हणतात.

* * *

छपराचं भांडण मात्र महिनाभर चाललं. ही इंजिनं मुळात बनली तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. समोर एक पत्रा, त्याला दोन गोल खिडक्या, बाकी सगळं उघडं. साहेबांचं म्हणणं, जसं होतं तसंच ठेवायचं. शंकररावांचं म्हणणं, चालवणार मी, भिजणार मी, तर छप्पर पाहिजे.

साहेब शांतपणे म्हणाले, "शंकरराव, मूळ इंजिनाला छप्पर नव्हतं."

शंकरराव तितक्याच शांतपणे म्हणाले, "साहेब, मूळ इंजिन मुळशीत नव्हतं."

छप्पर बसलं. काढता येण्यासारखं. साहेब आले की काढायचं, गेले की लावायचं.

* * *

एका रविवारी साहेब इंजिनाखाली सरपटत शिरले होते. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा, घामानं शर्ट चिकटलेला, आणि एक हात छातीवर. आम्ही त्यांना पोत्यावर आडवं केलं. तिथे डॉक्टर म्हणून मी एकटीच. पिशवीतून स्टेथोस्कोप काढला.

काकूंनी घाबरून विचारलं, "म्याडम, तुमचं शिक्षण जनावरांचं. मानसाचं कळतं का?"

साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "चालेल. आता जनावर समजूनच तपासा."

ठोके मला मुळीच आवडले नाहीत. शंकररावांनी जीप काढली. पौड गेलं, पिरंगुट गेलं, भूगावला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मी साहेबांचा हात धरून नाडी बघत होते आणि खरं सांगते, मनात एकही विनोद नव्हता. शंकरराव आरशातून मागे बघत होते. साहेब एकदाच बोलले, "श्वेताला सांगा, डावीकडचा स्क्रू हातानंच लावलाय. पाना मारायचा राहिलाय."

दवाखान्यात पोचलो, त्यांना आत नेलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की वेळेवर आणलंत, दोन रक्तवाहिन्या बंद होत्या, आता मोकळ्या केल्यात, धोका टळला. शंकररावांनी टोपी काढली, तोंड पुसलं, परत घातली. मग खाली जाऊन एकटेच दोन चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांना भेटायला गेले. कॉटशेजारी बसले. मग विचारलं, "किती नळ्या केल्या म्हनं?"

"दोन."

"आपल्या इंजिनाच्या समद्याच बदलाव्या लागल्या," शंकरराव म्हणाले. "तुमी थोडक्यात सुटला."

साहेब इतके हसले की नर्सनं शंकररावांना बाहेर काढलं.

* * *

साहेब घरी पडून होते तेव्हा आम्ही त्यांना बरं वाटावं म्हणून शिट्टी दुरुस्त केली. पितळेची जुनी शिट्टी. वाफ नव्हती, म्हणून श्वेतानं पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला आणि हवेवर वाजवून बघायचं ठरलं. साहेबांना फोनवर ऐकवणार होतो. शंकरराव त्या वेळी शेजारच्या पत्र्याखाली गंगीच्या कासेशी बसलेले, नेहमीसारखे रिकामी बादली घेऊन.

श्वेतानं नळ उघडला. शिट्टी अशी वाजली की समोरच्या डोंगरावरून तिचा आवाज परत आला. झाडावरचे बगळे उडाले. कुत्री भुंकायला लागली. मी धावत म्हशींकडे गेले, कारण दचकलेली म्हैस लाथ मारते आणि समोर शंकरराव.

शंकरराव जागचे हलले नव्हते. बादलीत धारा वाजत होत्या. गंगीनं पान्हा सोडला होता. कान ताठ, डोळे मोठे, आणि दूध वाहतंय.

वैद्यकशास्त्राप्रमाणे हे उलटं आहे. घाबरलेलं जनावर दूध चोरतं, सोडत नाही. मी माझ्या प्राध्यापकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बाई, म्हशीचं वाचन आपल्याइतकं नसतं."

तेव्हापासून गंगीच्या धारेला शिट्टी लागते. एवढी मोठी शिट्टी रोज कोण वाजवणार, म्हणून शंकररावांनी तोंडानं वाजवून बघितली. गंगीनं मान वळवून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शेवटी श्वेतानं त्यांच्या मोबाईलवर इंजिनाची शिट्टी घालून दिली. आता अडचण एवढीच आहे की शंकररावांना कुणाचा फोन आला आणि ते गोठ्यात असले, तर खाली बादली धरावी लागते.

* * *

आणि मग बॉयलरची परीक्षा आली. सरकारी बॉयलर निरीक्षक येऊन पाणी भरून, दाब चढवून बघणार. दाब टिकला आणि कुठे थेंब गळला नाही, तरच आग पेटवायची परवानगी. नाहीतर इंजिन रंगवायचं आणि शोभेला ठेवायचं. साहेब नुकतेच हिंडायला लागले होते. त्यांच्या मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "नापास झालं तर बाबांना हळू सांगा." मी पिशवीत गोळ्या ठेवल्या होत्या.

निरीक्षक अबोल माणूस. शर्ट इस्त्रीचा, चेहराही इस्त्रीचा. बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरला. शंकरराव हातपंप मारू लागले. काटा चढला. अजून चढला. निरीक्षक म्हणाले, "थांबा." काटा थांबला आणि तिथेच उभा राहिला. पडला नाही. निरीक्षक बॅटरी घेऊन बॉयलरभोवती एक फेरी मारून आले. मग खाली वाकले.

"इथे गळतंय."

टप. जमिनीवर एक थेंब. मग दुसरा.

साहेबांनी भिंतीचा आधार घेतला. श्वेताच्या डोळ्यांत पाणी आलं. शंकरराव पंपाचा दांडा सोडेनात. मी पिशवीतून गोळ्यांची डबी काढली.

निरीक्षकांनी थेंबाचा माग वर वर काढला. बॉयलरवरून एक आडवी दांडी जाते, हातानं धरायची. पाणी त्या दांडीवरून ओघळत होतं. त्यांनी बॅटरी आणखी वर नेली. दांडीच्या टोकाला, धुराड्याच्या आडोशाला, एक ओलं फडकं गाठ मारून टांगलेलं होतं.

"हे काय आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. काकू मागून पदर सावरत पुढे आल्या.

"मटकी हाय. काल मोड यायला टांगलीया, आत्ता पानी मारलं. तुमी जेवाया असनार म्हनून."

निरीक्षकांनी फडकं स्वतः सोडलं, काकूंच्या हातात दिलं, दांडी रुमालानं कोरडी केली आणि घड्याळ लावून पुन्हा उभे राहिले. बराच वेळ आम्ही सगळे त्या जमिनीकडे बघत होतो. कोरडी. काटा जागच्या जागी.

ते सरळ झाले आणि म्हणाले, "पास."

शंकरराव पंपाच्या दांड्यावरच डोकं टेकवून बसले. साहेबांनी माझ्या हातातली डबी काढून घेऊन माझ्याच पिशवीत ठेवली. आणि निरीक्षकांनी मटकीची उसळ दोनदा मागून घेतली.

* * *

पहिल्यांदा वाफेवर चालवायचा दिवस ठरला. शंकररावांच्या रिकाम्या खाचरातून गोठ्यापासून ओढ्यापर्यंत छोटे रूळ टाकले होते. टोकाला आडवा ओंडका, त्याच्यापलीकडे ओढ्याचा उतार. गावातून, वाड्यांवरून, माण-नेऱ्यातून माणसं आली होती. मांडव, खुर्च्या, माईक, दोन मोठे स्पीकर. सकाळपासून आग पेटवलेली, वाफ तयार, धुराड्यातून धूर वर चाललेला. इंजिनाला हार घातला होता.

साहेब माईकवर उभे राहिले. तोंड लोकांकडे, पाठ इंजिनाकडे. त्यांनी इतिहास सुरू केला, अगदी मुळापासून. शंकररावांना शाल द्यायची म्हणून खाली बोलावलं होतं, त्यामुळे इंजिनावर कुणीच नव्हतं. ब्रेक नीट आवळला होता की नाही आणि वाफेचा नळ पुरता बंद होता की नाही, ह्यावर अजून दोन मतं आहेत.

साहेब दुसऱ्या तुकडीपर्यंत आले होते. मी पहिल्या रांगेत. मला आधी वाटलं मांडव हलतोय. मग कळलं की हार हलतोय. इंजिन चाललं होतं. अगदी हळू, म्हैस पाण्याकडे निघते तसं. स्पीकर मोठा असल्यामुळे साहेबांना काहीच ऐकू गेलं नाही. लोकांच्या माना एकदम डावीकडे वळायला लागल्या. साहेबांना वाटलं लोक रंगलेत. त्यांनी आवाज चढवला.

शंकररावांनी अंगावरची शाल काकूंकडे फेकली आणि धावले. गुडघेदुखीचा माणूस, पण धावले. टोकाच्या ओंडक्यावर काकूंच्या माहेरच्या बायका बसल्या होत्या, सावली बघून. काकू इकडून ओरडल्या, "उठा गं, गाडी आली." बायका उठल्या, पिशव्या घेतल्या, बाजूला झाल्या. शंकररावांनी दांडी पकडली, एक पाय फळीवर, दुसरा तसाच घासत गेला, आणि वर चढले. आतून खडखड आवाज आला. वाफेचा मोठा ढग दोन्ही बाजूंनी सुटला आणि त्या ढगात इंजिनही दिसेना आणि शंकररावही. मी उभी राहिले होते. श्वेतानं माझा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता.

ढग विरला. इंजिन ओंडक्याच्या वीतभर अलीकडे उभं होतं. शंकररावांनी बाहेर डोकं काढलं आणि हात हलवला. सगळं खाचर एकदम हसायला, टाळ्या वाजवायला लागलं.

साहेब थांबले. टाळ्या आपल्याला नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. ते मागे वळले. मागे मोकळे रूळ.

शंकरराव तिकडून ओरडून म्हणाले, "साहेब, चालू द्या तुमचं. हिनं ह्ये आधी ऐकल्यालं हाय."

लोक पुन्हा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चालली का?"

"चालली," मी म्हटलं.

"स्वतःच्या वाफेवर?"

"हो, साहेब."

"मी पाठमोरा होतो," ते म्हणाले.

काकू शालीची घडी घालत होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अहो, मागं घ्या जरा. साहेबांनी बघितलं न्हाई."

तिकडे शंकररावांनी दांडा फिरवला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि नीट बसवला. मग खुर्ची उचलून उलटी फिरवली, इंजिनाकडे तोंड करून बसले. माईक अजून हातातच होता.

"आता थोडा वेळ," ते म्हणाले, "कुणी काही बोलू नका."